रांगेत पुढे कोण? नेटवर्क स्विचवरील अग्रक्रमाची मांडणी आणि देखरेख

नागपूरच्या धरमपेठेत वेस्ट हायकोर्ट रोडच्या दोन्ही अंगांना आणि आतल्या गल्ल्यांमध्ये, जुन्या बंगल्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींत दवाखाने, वकिलांची आणि सनदी लेखापालांची कार्यालये, शिकवणी वर्ग व दुकाने दाटीने नांदतात. यांपैकी बहुतेक ठिकाणी जिन्याखाली किंवा छताजवळच्या फळीवर एक चपटी पेटी लुकलुकत असते. आठ, सोळा किंवा चोवीस केबल तिच्यात खोवलेल्या असतात आणि बसवल्याच्या दिवसानंतर तिच्याकडे सहसा कोणी वळून पाहिलेले नसते. हा नेटवर्क स्विच. इंटरनेटची जोडणी दुप्पट वेगाची घेऊनही दूरध्वनीवरचा आवाज तुटतो आणि त्याच वेळी वेग मोजणारे संकेतस्थळ मात्र उत्तम आकडा दाखवते, असा अनुभव अनेक कार्यालयांना येतो. अशा वेळी उत्तर बहुधा या पेटीत, किंवा तिच्या शेजारच्या राउटरमध्ये, लागलेल्या रांगेत सापडते.

पूर्वी ही बाब केवळ गैरसोयीची होती. २०२० च्या टाळेबंदीत न्यायालयांचे कामकाज दृक्‌श्राव्य माध्यमातून सुरू झाले आणि सिव्हिल लाइन्समधील उच्च न्यायालयाच्या खंडपीठासमोर आपल्या कार्यालयातूनच युक्तिवाद करण्याची वेळ वकिलांवर आली. डॉक्टर दूरस्थ सल्ला देऊ लागले, शिकवणी वर्ग पडद्यावर गेले. युक्तिवादातले एक वाक्य हरवले किंवा रुग्णाने सांगितलेल्या औषधाच्या मात्रेचा आकडा ऐकू आला नाही, तर त्याचा परिणाम किरकोळ राहत नाही. आणि नेमक्या त्याच क्षणी शेजारच्या टेबलावरचा संगणक दिवसभराच्या फायलींची प्रत दूरच्या सर्वरवर पाठवत असतो, जे काम रात्री दोन वाजता झाले असते तरी कोणाचे काही बिघडले नसते.

रांग लागते कुठे?

संगणकीय जाळ्यात सर्व माहिती छोट्या छोट्या पुडक्यांतून, म्हणजे पॅकेटांतून प्रवास करते. इथरनेटवरील एक पूर्ण आकाराचे पॅकेट सुमारे १५०० बाइटचे असते. सेकंदाला १ गिगाबिट वेगाच्या पोर्टवरून ते बाहेर पडायला १२ मायक्रोसेकंद लागतात, १०० मेगाबिटच्या पोर्टवरून ०.१२ मिलिसेकंद, तर २० मेगाबिटच्या इंटरनेट जोडणीवरून ०.६ मिलिसेकंद. हे आकडे नगण्य वाटतात, पण पॅकेट एकटे नसते. एकाच बाहेरच्या वाटेवर अनेक पोर्टांकडून एकदम माल येऊ लागला, किंवा वेगवान वाटेवरून आलेला माल मंद वाटेवर सोडायचा असला, की स्विचला तो काही काळ स्मृतीत धरून ठेवावा लागतो. येथे रांग जन्माला येते. २० मेगाबिटच्या वाटेपुढे १० लाख बाइट साचले, तर शेवटच्या पॅकेटला तब्बल ०.४ सेकंद थांबावे लागते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ या शिफारशीनुसार संभाषण सहज वाटण्यासाठी एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा. एका रांगेनेच ती मर्यादा दोनदा ओलांडली.

यातून एक गोष्ट निघते, जी विक्रेते फारशी सांगत नाहीत. अग्रक्रम ठरवल्याने वाट रुंद होत नाही. एकाला पुढे काढायचे म्हणजे दुसऱ्या कोणाला तरी मागे थांबवायचे, एवढाच त्याचा अर्थ. जिथे रांगच नाही, तिथे अग्रक्रमाच्या मांडणीचा काहीही परिणाम दिसत नाही. म्हणून ‘कोणाला पुढे काढायचे’ या प्रश्नाआधी ‘रांग नेमकी कुठे लागते’ आणि ‘थांबायला कोण तयार आहे’ हे दोन प्रश्न विचारावे लागतात. त्यातला दुसरा प्रश्न तंत्रज्ञाने सोडवण्याजोगा नसतो, कार्यालयाच्या प्रमुखालाच त्याचे उत्तर द्यावे लागते. व्यवहारात मात्र तोही केबल ओढायला आलेल्या मुलावर सोडला जातो.

ही कल्पना नवी नाही. साधी तार आणि एक्स्प्रेस तार यांतला फरक जुन्या पिढीला आठवत असेल. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. ट्रंक कॉलच्या काळात साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे तीन प्रकार होते आणि लाइटनिंग कॉलसाठी ग्राहक साध्याच्या कितीतरी पट दर मोजत असे. एक्स्चेंजमधली ऑपरेटर तेव्हा जे करी, तेच आज स्विच सेकंदाला लाखो वेळा करतो. सप्टेंबर १९८१ मध्ये इंटरनेट प्रोटोकॉलचा मूळ मसुदा प्रसिद्ध झाला, तेव्हाच प्रत्येक पॅकेटच्या शीर्षभागात अग्रक्रमासाठी तीन बिट राखून ठेवले होते आणि त्यांच्या आठ पायऱ्यांना ‘रुटीन’, ‘इमिजिएट’, ‘फ्लॅश’ अशी अमेरिकी लष्करी संदेशवहनातली नावे दिली होती. पुढची जवळजवळ वीस वर्षे त्या बिटांकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. केबलमधून आवाज पाठवण्याची वेळ आली, तेव्हा त्यांची आठवण झाली.

पुडक्यावरचा शिक्का

आज पॅकेटवर अग्रक्रमाचा शिक्का दोन ठिकाणी मारला जातो. पहिला इथरनेटच्या चौकटीवर. ‘८०२.१क्यू’ या मानकानुसार चौकटीत चार बाइटची एक पट्टी घालता येते. त्यातील बारा बिट आभासी जाळ्याचा, म्हणजे व्हीलॅनचा क्रमांक सांगतात आणि तीन बिट अग्रक्रम सांगतात. ० ते ७ अशा आठ पायऱ्या त्यातून मिळतात. हीच ती ‘८०२.१पी’ या नावाने ओळखली जाणारी सोय. दुसरा शिक्का आतल्या आयपी शीर्षभागावर असतो. डिसेंबर १९९८ मध्ये ठरलेल्या पद्धतीनुसार त्यासाठी सहा बिट वापरले जातात, म्हणजे ० ते ६३ अशी चौसष्ट मूल्ये. याला डीएससीपी म्हणतात. पहिला शिक्का पट्टी असलेल्या केबलपुरताच जिवंत राहतो, कारण साध्या पोर्टवरून बाहेर पडताना पट्टी काढून टाकली जाते. दुसरा पॅकेटबरोबर पुढे जातो. म्हणून एकापेक्षा जास्त स्विच किंवा मध्ये राउटर असलेल्या ठिकाणी डीएससीपीवर भर देणे शहाणपणाचे ठरते.

या आकड्यांत काही गमती आहेत आणि त्या माहीत नसल्या तर फसगत होते. ८०२.१पीच्या पायऱ्यांत ० सर्वांत खालची नाही. ० म्हणजे ‘नेहमीची’ रहदारी आणि १ म्हणजे तिच्याहीपेक्षा मागे ठेवायची रहदारी. ‘१ हा शून्यापेक्षा मोठा’ या शाळेतल्या हिशेबाने कोणी महत्त्वाच्या यंत्राला १ दिला, तर ते यंत्र सर्वांच्या मागे जाऊन बसते. आवाजासाठी डीएससीपीचे रूढ मूल्य ४६ आहे. द्विमान पद्धतीत ते १०१११० असे लिहिले जाते आणि त्याचे पहिले तीन बिट म्हणजे ५. त्यामुळे अनेक स्विच आवाजाला आपोआप पाचव्या पायरीवर ठेवतात. पण वायफायच्या चार वर्गांत ५ ही पायरी चित्राच्या वर्गात मोडते आणि आवाजाचा वर्ग ६ पासून सुरू होतो. परिणामी केबलवर अग्रभागी असलेला आवाज बिनतारी टप्प्यावर एक वर्ग खाली घसरतो. ही विसंगती दूर करण्याची शिफारस २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली, परंतु जुन्या उपकरणांत ती आजही हाताने दुरुस्त करावी लागते.

शिक्का कोणाचा मानायचा, हा पुढचा प्रश्न. कोणताही संगणक स्वतःच्या पॅकेटवर ४६ लिहू शकतो. सर्वांचाच शिक्का मानला, तर दिवा लावून फिरणाऱ्या प्रत्येक मोटारीला रुग्णवाहिका समजण्यासारखे होईल आणि खरी रुग्णवाहिका लक्ष्मीभुवन चौकात अडकून राहील. म्हणून स्विचवर विश्वासाची सीमा आखावी लागते. आयपी दूरध्वनी जोडलेल्या पोर्टवरचा शिक्का मानायचा, साध्या संगणकांच्या पोर्टवरचा पुसून शून्य करायचा, आणि दूरध्वनीच्या मागे संगणक जोडला असेल तर आवाजासाठी स्वतंत्र व्हीलॅन ठेवायचे, अशी साधारण रीत आहे.

संगणकावरूनच दृक्‌श्राव्य बैठका चालत असतील, तर ही रीत पुरत नाही. तिथे पोर्ट क्रमांकांवरून रहदारी ओळखून स्विचनेच शिक्का मारायचा असतो. मायक्रोसॉफ्टने टीम्ससाठी सुचवलेल्या मांडणीत आवाजासाठी ५०००० ते ५००१९ हे क्रमांक व ४६ हे मूल्य, चित्रासाठी ५००२० ते ५००३९ व ३४, आणि पडदा दाखवण्यासाठी ५००४० ते ५००५९ व १८ अशी विभागणी आहे. इतर सेवांचे आकडे वेगळे असतात. ते त्या त्या कंपनीच्या मार्गदर्शिकेतूनच घ्यावेत, अंदाजाने नव्हे.

येथे एका जुन्या सापळ्याचा उल्लेख आवश्यक आहे, कारण तो वापरलेल्या मालाच्या बाजारातून घेतलेल्या स्विचमध्ये अजून भेटतो. सिस्कोच्या कॅटॅलिस्ट २९६०, ३५६० आणि ३७५० या लोकप्रिय मालिकांत अग्रक्रमाची यंत्रणा मुळात बंद असते आणि पॅकेटवरचे शिक्के जसेच्या तसे पुढे जातात. ती सुरू करणारी एक आज्ञा दिली आणि कोणत्या पोर्टवर विश्वास ठेवायचा हे सांगायचे राहिले, तर स्विच सर्व शिक्के पुसून शून्य करतो. भरीस भर म्हणजे तोवर एकत्र असलेली स्मृती चार रांगांत वाटली जाते आणि ज्या पोर्टवर कधी पॅकेट गळत नव्हते तिथेही ते गळू लागतात. सुधारणा करायला गेलेल्या माणसाला आवाज आणखी बिघडल्याची तक्रार ऐकावी लागते ती यामुळे. त्यानंतरच्या ३६५०, ३८५० आणि ९००० या मालिकांत नियम उलटा आहे: सांगितले नाही तर शिक्का मानला जातो. म्हणजे एका स्विचवरची मांडणी दुसऱ्यावर डोळे मिटून उतरवण्यात अर्थ नाही.

रांगा आणि त्यांचे हक्क

शिक्का वाचून स्विच पॅकेटला एखाद्या रांगेत टाकतो. छोट्या कार्यालयांतल्या व्यवस्थापनक्षम स्विचमध्ये बहुधा चार किंवा आठ रांगा असतात. बिनव्यवस्थापनाच्या स्वस्त पेट्यांत काही ठिकाणी दोन-चार रांगा असतात खऱ्या, पण त्यांना हात लावता येत नाही आणि आत काय चालले आहे तेही दिसत नाही. हजार-दोन हजार रुपयांची बचत पुढे किती महागात पडते, याचा हिशेब येथे करावा.

रांगा रिकाम्या करण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिली कडक अग्रक्रमाची: वरच्या रांगेत एक जरी पॅकेट असले तरी खालच्यांनी थांबायचे. दुसरी वजनदार पाळीची: प्रत्येक रांगेला ठरलेल्या प्रमाणात, समजा ८, ४, २, १ अशी पाळी मिळते आणि कोणीही उपाशी राहत नाही. आवाजाला कडक अग्रक्रम द्यावा आणि बाकीच्यांना वजनदार पाळीत ठेवावे, हा सर्वमान्य मध्यममार्ग आहे. आवाजाला एवढी मोकळीक का देता येते, ते हिशेबाने कळते. नेहमीच्या जी.७११ पद्धतीत आवाजाचा मूळ प्रवाह सेकंदाला ६४ किलोबिटचा असतो. दर २० मिलिसेकंदांना एक, म्हणजे सेकंदाला ५० पॅकेट निघतात. प्रत्येकात १६० बाइट आवाज आणि त्यावर शीर्षभागांचे ५८ बाइट. असे मिळून एका दिशेला एका संभाषणास सुमारे ८७ किलोबिट लागतात. दहा संभाषणे एकदम चालली तरी एक मेगाबिटही पुरा होत नाही. इतक्या सडपातळ पाहुण्याला पुढे जाऊ दिल्याने कोणाचे नुकसान होत नाही.

हेच औदार्य चित्राच्या वाट्याला आले की घोटाळा होतो. पाळत ठेवणारे कॅमेरे हे त्याचे ठळक उदाहरण. २०१६ मध्ये नागपुरात लार्सन अँड टुब्रोकडे सोपवण्यात आलेल्या सुरक्षित व स्मार्ट शहर प्रकल्पाच्या घोषणेत सुमारे १२०० किलोमीटरचे ऑप्टिकल फायबर जाळे आणि ३८०० च्या आसपास कॅमेरे अभिप्रेत होते. एका कॅमेऱ्याचा प्रवाह ४ मेगाबिटचा धरला, तरी एवढ्या कॅमेऱ्यांचे मिळून सेकंदाला १५ गिगाबिट होतात. अशा आकारमानाच्या जाळ्यात सर्व चित्रांना सर्वोच्च पायरी दिली, तर बाकीच्या रांगांना जागाच उरणार नाही. इमारतीतल्या सोळा कॅमेऱ्यांचेही गणित प्रमाणात तेच आहे. कॅमेऱ्याचे चित्र नोंदवहीत साठवले जाते आणि ते दोन सेकंद उशिरा पोहोचले तरी पुरावा म्हणून त्याचे मोल कमी होत नाही. सुरक्षेची गोष्ट म्हणून त्याला सर्वांत वर बसवण्याचा मोह होतो, पण महत्त्वाचे आणि तातडीचे यांत गल्लत करणे ही अग्रक्रमाच्या मांडणीतली सर्वांत वारंवार घडणारी चूक आहे.

उलट उदाहरण दुकानातल्या कार्डयंत्राचे. त्याची माहिती काही किलोबाइटची, म्हणून ते कोणाच्या नजरेत भरत नाही. परंतु उत्तर वेळेत आले नाही तर व्यवहार रद्द होतो आणि गोकुळपेठेच्या बाजारातून पिशव्या भरून आलेला ग्राहक काउंटरवर ताटकळतो. कार्डयंत्राला आवाजाच्या खालोखाल जागा द्यावी. दवाखान्यात डॉक्टरांचे दूरस्थ संभाषण आधी, नोंदणी टेबल त्यानंतर, क्ष-किरण व स्कॅनच्या जड प्रतिमा वजनदार पाळीत, आणि साठवणुकीच्या प्रती व प्रणालीच्या अद्ययावत फायली सर्वांत शेवटी असा क्रम लावता येतो. मात्र आपत्कालीन रुग्णाची प्रतिमा बाहेरच्या तज्ज्ञाला तातडीने पाठवायची असेल, तर हाच क्रम अपुरा पडेल. ते आधी डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे लागते. आणि प्रत्येक कार्यालयात एक प्रश्न हमखास येतो: साहेबांच्या संगणकाला वेगळा अग्रक्रम द्यायचा का? तांत्रिकदृष्ट्या ते सोपे आहे. पण साहेब चित्रपट उतरवून घेत असताना स्वागतकक्षातल्या दूरध्वनीवरचा अशील ‘हॅलो, हॅलो’ करत राहील, ही किंमत आधी सांगितलेली बरी. अग्रक्रम माणसाला न देता कामाला द्यावा.

कडक अग्रक्रमाच्या रांगेला कमाल मर्यादाही घालावी. पोर्टच्या एकतृतीयांशाहून अधिक वाटा तिला मिळू नये, हा रूढ संकेत आहे. एखाद्या बिघडलेल्या किंवा खोडसाळ यंत्राने त्या रांगेत पॅकेटांचा मारा केला, तर बाकीचे जाळे त्यामुळे तगते.

आपली रांग आपल्या दारात

इतके करूनही फरक पडला नाही, तर कारण बहुधा हे असते की रांग स्विचवर लागतच नाही. धरमपेठेतल्या सर्वसाधारण कार्यालयात आतले पोर्ट १ गिगाबिटचे आणि बाहेरची जोडणी त्याच्या दहाव्या किंवा पन्नासाव्या भागाइतकी असते. अडथळा बाहेरच्या टोकाला, म्हणजे इंटरनेट कंपनीने बसवलेल्या यंत्रात असतो आणि त्या यंत्राला आपल्या शिक्क्यांशी काही देणेघेणे नसते. उपाय असा, की आपल्या ताब्यातल्या राउटरवर बाहेर जाणारा वेग मुद्दाम किंचित कमी बांधून घ्यावा. जोडणी २० मेगाबिटची असेल तर १८ किंवा १९. मग रांग कंपनीच्या यंत्रात न लागता आपल्या राउटरवर लागते आणि तिथे आपले नियम चालतात. दहा टक्के वेग सोडून देण्याची कल्पना पैसे मोजणाऱ्याला पटवणे कठीण जाते, पण तेवढे दिल्यावाचून अग्रक्रम हातात येत नाही. अलीकडच्या राउटरांत असलेली, रांग लांबू न देणारी ‘एफक्यू-कोडेल’ ही पद्धत चालू केली, तर लहान कार्यालयात शिक्क्यांचा फारसा खटाटोप न करताही बहुतांश काम भागते. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी मांडलेल्या कल्पनेवर ती आधारलेली आहे.

शिक्का दारापलीकडे मानला जाईल, अशी अपेक्षा सार्वजनिक इंटरनेटवर ठेवू नये. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी मजकुरानुसार भेदभावाचे दर आकारण्यास मनाई केली आणि जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने नेट समानतेच्या तत्त्वांना मान्यता दिली. वाजवी वाहतूक व्यवस्थापन आणि काही विशेष सेवा यांचा त्यात अपवाद आहे. दोन शाखांमध्ये करार करून घेतलेली खासगी जोडणी असेल, तर कंपनी करारात लिहिलेल्या वर्गांनुसार शिक्के पाळते. त्या करारातला तक्ता आणि आपल्या स्विचवरचा तक्ता जुळतो का, हे तपासायला मात्र बरेच जण विसरतात.

देखरेख : मोजल्यावाचून काही नाही

मांडणी करणे हे अर्ध्याहून कमी काम आहे. काही बदल करण्यापूर्वी निदान एक आठवडा जाळ्याची नेहमीची चाल नोंदवून ठेवावी. न्यायालयाच्या वेळा, संध्याकाळचे शिकवणी वर्ग, महिनाअखेरची करविवरणे यांनुसार ती बदलते. ही नोंद हाताशी नसेल तर बदलानंतर ‘सुधारले’ किंवा ‘बिघडले’ या दोन्ही विधानांना आधार राहत नाही.

स्विचमधले आकडे बाहेर काढण्याचे सर्वांत जुने व अजून चालते साधन म्हणजे १९८० च्या दशकाच्या अखेरीस आलेला एसएनएमपी हा प्रोटोकॉल. एमआरटीजी, कॅक्टी यांसारख्या विनामूल्य आज्ञावली त्याच्या आधारे ठरावीक वेळाने स्विचला आकडे विचारतात आणि आलेख काढतात. येथे दोन खबरदाऱ्या घ्यायला हव्यात. जुने मोजक ३२ बिटांचे असतात. सेकंदाला १ गिगाबिटच्या पूर्ण वेगात ते ३४ सेकंदांत भरून पुन्हा शून्यावर येतात. दर पाच मिनिटांनी विचारणाऱ्या आज्ञावलीला मधले आठ-नऊ फेरे कळतच नाहीत आणि तुडुंब भरलेला पोर्ट आलेखात निवांत दिसतो. त्यासाठी ६४ बिटांचे मोजक निवडावेत. दुसरी खबरदारी सुरक्षेची. ‘पब्लिक’ हा कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द तसाच ठेवलेले स्विच आजही सापडतात. तो बदलावा आणि शक्य असेल तिथे सांकेतिक संरक्षण असलेली तिसरी आवृत्तीच वापरावी.

पाच मिनिटांची सरासरी आणखी एका अर्थाने फसवी आहे. सरासरी वापर २० टक्के दिसत असताना मधल्या काही मिलिसेकंदांत रांग भरून पॅकेट गळलेले असू शकतात. म्हणून पोर्टच्या वापराच्या आलेखापेक्षा प्रत्येक रांगेचे दोन मोजक अधिक बोलके असतात: किती पॅकेट गेले आणि किती टाकून द्यावे लागले. आवाजाच्या रांगेत गळती दिसली, तर रांगेची मर्यादा तोकडी आहे किंवा नको ती रहदारी तिच्यात घुसली आहे. शेवटच्या रांगेतली गळती मात्र काळजीची नसते. तिथे गळावे म्हणूनच तिला मागे ठेवलेले असते आणि फायली पाठवणारा प्रोटोकॉल हरवलेले पुन्हा पाठवतो. प्रत्यक्षात सर्वाधिक आढळणारी स्थिती तिसरीच असते. आवाजाच्या रांगेचा ‘गेले’ हा आकडा शून्यावर स्थिर असतो. दूरध्वनी दिवसभर चालू आहेत, पण त्या रांगेत एकही पॅकेट आलेले नाही. याचा अर्थ शिक्का मारलाच जात नाही किंवा वाटेत पुसला जातो. कागदावर मांडणी पूर्ण असलेल्या कित्येक जाळ्यांत हा शून्य वर्षानुवर्षे तसाच राहतो, कारण कोणी तो आकडा पाहत नाही.

शिक्का कुठे पुसला जातो, हे शोधायला पोर्टची नक्कल उपयोगी पडते. एका पोर्टवरची रहदारी दुसऱ्या पोर्टवर उतरवून घ्यायची आणि तिथे लावलेल्या संगणकावर वायरशार्क या विनामूल्य आज्ञावलीने पॅकेट उघडून डीएससीपीचा आकडा वाचायचा. दूरध्वनीच्या दाराशी, मधल्या स्विचनंतर आणि राउटरच्या आधी अशा तीन जागी वाचन घेतले की दोषी टप्पा सापडतो. आवाजाच्या प्रतीसाठी दूरध्वनी स्वतः देतात ते अहवाल पाहावेत. पॅकेटांच्या येण्यातला चढउतार ३० मिलिसेकंदांच्या आणि गळती १ टक्क्याच्या आत असली तर ऐकणाऱ्याला सहसा त्रास जाणवत नाही. पिंग या आज्ञेने स्विचलाच हाक मारून निष्कर्ष काढू नयेत. स्विच दुसऱ्यांची पॅकेट हार्डवेअरमधून झपाट्याने पुढे पाठवतो, पण स्वतःला आलेल्या हाकेला त्याचा मुख्य प्रक्रियक सवडीने उत्तर देतो. त्या उत्तराच्या उशिरावरून जाळे मंद ठरवणे अन्यायाचे होईल. सर्व उपकरणांची घड्याळे एका वेळेशी जुळवलेली असावीत, हे सांगायला नको. ‘अकरा वाजून दहा मिनिटांनी आवाज तुटला’ ही तक्रार अन्यथा कोणत्याच नोंदीशी जुळत नाही.

कधी कधी दोष अग्रक्रमाचा नसतोच. एका टोकाला वेग व दिशा हाताने बांधलेली आणि दुसऱ्या टोकाला आपोआप ठरणारी असेल, तर एक बाजू एका वेळी एकच दिशा वापरते आणि गर्दी वाढली की पॅकेट खराब होऊ लागतात. पोर्टच्या त्रुटींचा मोजक सतत चढत असेल तर आधी केबल व ही जुळणी पाहावी. रांगांकडे त्यानंतर वळावे.

नावात साम्य असलेले दोन अग्रक्रम

स्विचच्या पडद्यावर ‘प्रायॉरिटी’ हा शब्द आणखी दोन जागी भेटतो आणि नवख्यांचा गोंधळ करतो. पहिला स्पॅनिंग ट्री या व्यवस्थेतला. १९८५ मध्ये रॅडिया पर्लमन यांनी रचलेली ही पद्धत अनेक स्विचमधल्या वर्तुळाकार वाटा बंद ठेवते. तिथे प्रमुख स्विच निवडण्यासाठी जो अंक असतो तो मुळात ३२७६८ असतो, ४०९६ च्या पटीत बदलतो आणि जितका लहान तितका वरचढ ठरतो. कोणीच तो बदलला नाही, तर सर्वांत लहान हार्डवेअर क्रमांकाचा स्विच प्रमुख होतो आणि तो बऱ्याचदा इमारतीतला सर्वांत जुना, सर्वांत मंद स्विच निघतो.

दुसरा अग्रक्रम विजेचा. २००३ च्या मानकानुसार स्विच केबलमधूनच प्रत्येक पोर्टला १५.४ वॉटपर्यंत वीज देऊ शकतो. चोवीस पोर्टांचे ते ३७० वॉट होतात, मात्र अनेक स्विचची एकूण क्षमता त्याच्या निम्मीच असते. मागणी क्षमतेबाहेर गेली की खालच्या पायरीवरचे पोर्ट आधी अंधारात जातात. तिथे प्रवेशद्वाराचा कॅमेरा आणि स्वागतकक्षातला दूरध्वनी वर, तर बैठकीच्या खोलीतले वायफाय खाली ठेवणे योग्य. मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळिशीकडे सरकतो, वीज जाते-येते आणि बॅटरीवरच्या यंत्रांवर ताण पडतो तेव्हा या यादीची परीक्षा होते. त्याच वेळी आणखी एक गोष्ट उघडकीला येते. बऱ्याच स्विचमध्ये केलेले बदल चालू स्मृतीत राहतात. ते कायम स्मृतीत उतरवण्याची आज्ञा वेगळी द्यावी लागते. ती द्यायची राहिली असेल, तर वीज परत येताच स्विच महिनाभरापूर्वीच्या मांडणीसह जागा होतो. बदल झाल्यावर तो जतन करावा, मांडणीची एक प्रत तारीख घालून दुसऱ्या संगणकावर ठेवावी आणि सुट्टीच्या दिवशी स्विच एकदा मुद्दाम बंद-चालू करून आवाजाच्या रांगेचा मोजक पुन्हा चढू लागतो का ते पाहावे.